ड्रॅगन टेबलावर आणताना: कोणती पुस्तकं घ्यावीत, ती कशी वाचावीत आणि त्यातून आपला ड्रॅगन कसा उभा करावा

टेबलटॉप रोलप्ले (टेबलाभोवती बसून, फासे टाकत मिळून गोष्ट रचण्याचा खेळ) खेळणाऱ्यांच्या गप्पांत एक तक्रार हमखास निघते. महिनोन्महिने कॅम्पेन (सलग चालणारी कथा) चाललं, अखेर ड्रॅगन आला आणि तीन राउंडमध्ये आडवा झाला. त्याचा रंग सगळ्यांना आठवतो, नाव कुणालाच आठवत नाही. मग खापर आकड्यांवर फुटतं: हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद) कमी पडले, पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) फारच तगडी होती, फासे खेळाडूंच्या बाजूने पडले. मला हे पटत नाही. बहुतेक वेळा जीएमने (खेळ चालवणाऱ्याने) ड्रॅगनचं पान उलट्या क्रमाने वाचलेलं असतं. आधी स्टॅट ब्लॉक (आकड्यांची चौकट), मग वेळ उरला तर वरचा मजकूर. असा ड्रॅगन म्हणजे पंख लावलेली हिट पॉइंटची गोणी.

पुढच्या पायऱ्यांमध्ये क्रम बदलला आहे, आकडे शेवटाकडे येतात. आणि सगळ्या पायऱ्यांना एकच चाळणी लावायची आहे: ड्रॅगनबद्दलची जी गोष्ट खेळाडूंना दिसणार नाही, कळणार नाही किंवा वापरता येणार नाही, ती तुमच्या वहीत जाणार नाही. पुस्तकात ती कितीही सुंदर लिहिलेली असो.

पहिली पायरी: हा ड्रॅगन काय अडवून बसलाय?

कुठलंही पुस्तक उघडण्याआधी एका ओळीत याचं उत्तर लिहा. जुन्या कथांमधले ड्रॅगन आणि त्यांचे भाऊबंद पाहिले, तर जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी अडवून बसलेला दिसतो. ऋग्वेदातला वृत्र पाणी अडवून पडलेला आहे. इंद्राने वज्र हाणल्यावर नद्या मोकळ्या होतात. नॉर्स कथांमधला फाफ्निर सोनं अडवून बसला आहे, आणि तो जन्माने ड्रॅगन नव्हताच. सोन्यासाठी त्याने बापाला मारलं आणि त्या सोन्यावर पडून राहता राहता तो तसा झाला. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी काव्यातला ड्रॅगन तर शांत झोपलेला असतो; कुणीतरी त्याच्या खजिन्यातला एक पेला चोरतो आणि तो सगळा मुलूख जाळत सुटतो.

कालियाची गोष्ट मला साहस रचण्याच्या दृष्टीने सगळ्यांत सरस वाटते. कालिया ड्रॅगन नव्हे, नाग, पण रचना बघा. यमुनेचा डोह विषारी झाला आहे, गाई-गुरं मरताहेत. कारण शोधलं तर कळतं, की तो तिथे मुळात गरुडाच्या भीतीने येऊन राहिला आहे. कृष्ण त्याला ठार मारत नाही. आपल्या पावलांची खूण त्याच्या फण्यावर ठेवतो, त्यामुळे गरुड त्याला आता हात लावणार नाही, आणि त्याला परत समुद्राकडे पाठवून देतो. म्हणजे लोकांचा त्रास, त्यामागे राक्षसाची स्वतःची अडचण, आणि मारल्यावाचून सुटका. तीन सेशनचं (बैठकांचं) साहस तयार आहे, फक्त नावं बदलायची.

पूर्व आशियातले ड्रॅगन या चौकटीला छेद देतात. चिनी परंपरेत ते पावसाचे आणि नद्या-समुद्रांचे धनी असतात. अशा ड्रॅगनला मारलं, तर गाव सुटत नाही, दुष्काळ पडतो. तुमच्या खेळात हा प्रकार आणायचा असेल तर प्रश्न थोडा फिरवा: हा ड्रॅगन काय चालू ठेवतो, आणि तो रुसला तर काय बंद पडेल?

दंतकथा चाळताना आणखी एक गोष्ट वेगळी टिपून ठेवावी, ती म्हणजे माणसांनी ड्रॅगनला हरवलं कसं. नॉर्स वीर सिगुर्डने फाफ्निरच्या पाण्यावर जायच्या वाटेत खड्डा खणला, आत दबा धरला आणि तो वरून सरपटत जाताना खालून तलवार खुपसली. त्याआधी एक म्हातारा, म्हणजे वेषांतर केलेला ओडिन हा देव, त्याला सांगून गेला होता, की एक नको, अनेक खड्डे खण, म्हणजे रक्त वाहून जाईल. पोलंडमधल्या क्राकोच्या दंतकथेत वावेल टेकडीखालच्या ड्रॅगनला गंधक भरलेलं मेंढरू खायला घातलं. आग शांत करायला तो नदीचं पाणी पीत राहिला आणि शेवटी फुटला. समोरासमोर उभं राहून तलवार चालवणारे या कथांमध्ये फार टिकत नाहीत. तुमच्या खेळाडूंनाही असा एखादा खड्डा खणता यायला हवा, म्हणजेच त्या ड्रॅगनची रोजची वाट तुम्ही ठरवलेली हवी.

दुसरी पायरी: पुस्तक निवडणं

ड्रॅगनवरची सोर्सबुकं (खेळासाठी माहिती आणि नियम देणारी पुस्तकं) ढीगभर आहेत आणि सगळी घेण्याची अजिबात गरज नाही. कोणतं पुस्तक कशासाठी चांगलं, एवढं समजलं की पुरे.

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा खेळ 1974 मध्ये आला तेव्हा त्यात पांढरा, काळा, हिरवा, निळा, लाल आणि सोनेरी असे सहाच ड्रॅगन होते. तेव्हाच्या नियमांत ड्रॅगनला मारण्याऐवजी नमवता यायचं आणि नमवलेला ड्रॅगन चक्क विकता यायचा, भाव त्याच्या हिट पॉइंटवर. पुढच्या वर्षी ग्रेहॉक या पुरवणीत धातूंचे बाकीचे ड्रॅगन आणि त्यांचे राजा-राणी आले, आणि 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकात त्यांना बहामुत आणि टियामाट ही नावं मिळाली. टियामाट बाबिलोनच्या सृष्टिकथेतली खाऱ्या समुद्राची देवी, बहामुत अरबी विश्वकल्पनेत पृथ्वीचा भार पेलणारा महाकाय मासा. पाच रंगांची पाच डोकी ही भर मात्र खेळाची स्वतःची. हे सांगण्याचं कारण असं, की नाव उचलायचं आणि बाकी सगळं नव्याने रचायचं हा या छंदाचा पायंडाच आहे. तुम्हालाही कुणाची परवानगी लागत नाही.

डी अँड डीच्या 1981 च्या बेसिक सेटमधल्या दोन-तीन नियमांचा आजही उपयोग होतो. प्रत्येक रंगापुढे दोन टक्केवाऱ्या दिलेल्या असत: ड्रॅगन झोपलेला सापडण्याची आणि तो बोलणारा असण्याची. पांढरा 50 टक्के वेळा झोपलेला आणि 10 टक्के वेळा बोलणारा, तर लाल नेमका उलटा. पाच ओळींच्या वर्णनाने होत नाही ते काम हे दोन आकडे करून जातात. शिवाय श्वासाचं (तोंडातून सोडलेल्या आगीचं किंवा गारठ्याचं) नुकसान ड्रॅगनच्या त्या क्षणी उरलेल्या हिट पॉइंटइतकं असे, त्यामुळे त्याला आधी जखमी करण्यात खरा शहाणपणा होता. तुमची आवृत्ती कुठलीही असो, हा नियम एखाद्या ड्रॅगनला लावून बघा. खेळाडूंची सगळी आखणी बदलते.

ड्रॅकोनॉमिकॉन या नावाची पुस्तकं चार: 1990, 2003, 2008 आणि 2009. त्यांतलं 2003 चं मला अजून हाताशी लागतं. हाडं, स्नायू, इंद्रियं, अंडी, पिल्लं यांची इतकी तपशीलवार माहिती त्यात आहे, की नियम जुने झाले तरी निरीक्षणं जुनी होत नाहीत. 2008 चं रंगांच्या ड्रॅगनवर आणि 2009 चं धातूंच्या ड्रॅगनवर. डी अँड डीची चौथी आवृत्ती खेळत नसाल तर ही दोन्ही सोडली तरी चालतील.

पाचव्या आवृत्तीसाठी एकच पुस्तक घ्यायचं असेल तर फिझबान्स ट्रेझरी ऑफ ड्रॅगन्स, 2021. त्याच्या पहिल्या प्रकरणांतले खेळाडूंसाठीचे पर्याय मी फारसे वापरत नाही. खरा ऐवज मागे आहे: प्रत्येक जातीसाठी स्वभावाचे तक्ते, साहसाची बीजं, तिच्या आसपास वावरणारे प्राणी आणि माणसं, राहण्याच्या जागेचा नकाशा. 1980 मध्ये 'ड्रॅगन' नावाच्या मासिकातून आलेले रत्नांचे ड्रॅगनही इथे नव्याने भेटतात. तयार साहस हवं असेल तर 2014 ची टिरनी ऑफ ड्रॅगन्स ही लांबलचक कथा आहे, आणि 2025 चं ड्रॅगन डेल्व्हज हा छोट्या साहसांचा संग्रह. नवख्या जीएमने छोट्यांपासून सुरुवात करावी.

पैसे खर्च न करता सुरुवात करायची असेल तर एसआरडी 5.1 (पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संच) बघा. जानेवारी 2023 मध्ये तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. रंगांचे आणि धातूंचे दहाही ड्रॅगन चारही वयोगटांच्या स्टॅट ब्लॉकसह त्यात आहेत. श्रेय दिलं, की त्यावर बेतलेलं स्वतःचं लेखन प्रसिद्धही करता येतं. वर्णनांचा मजकूर मात्र त्यात जवळपास नाही. आधी गोष्ट, मग आकडे अशी सवय लावून घ्यायची तर ते पथ्यावरच पडतं.

इतर खेळांकडेही डोकवा, कारण डी अँड डीच्या सवयी तिथेच मोडतात. पाथफाइंडरने 2023 पासून सुरू केलेल्या फेररचनेत रंग आणि धातू बाजूला ठेवले आणि ड्रॅगन जादूच्या चार परंपरांत विभागले. 2024 चं मॉन्स्टर कोअर पाहिलंत तर कारस्थानी ड्रॅगन, शकुन सांगणारा ड्रॅगन असे प्रकार भेटतील. इथे कातडीच्या रंगावरून स्वभाव ओळखता येत नाही, ही मोठीच सोय. शॅडोरनच्या भविष्यातल्या जगात ड्रॅगन गुहेत राहत नाहीत. लोफ्विर एक महाकाय कंपनी चालवतो आणि डंकेलझान 2057 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येतो आणि शपथविधीच्या रात्रीच मारला जातो. त्याचं मृत्युपत्र हेच पुढच्या कित्येक साहसांचं मूळ ठरलं. खजिना म्हणजे सोनंच असं नाही, हे यापेक्षा चांगलं कुणी दाखवलेलं मला ठाऊक नाही. रूनक्वेस्टच्या ग्लोरान्था जगात खरे ड्रॅगन डोंगराएवढे असतात आणि त्यांच्याशी लढाईचा विचारही कुणी करत नाही.

लढाई कशी चालवावी हे शिकायचं तर दोन छोटी उदाहरणं पुरेत. डंजन वर्ल्डमधल्या ड्रॅगनला फक्त 16 हिट पॉइंट आहेत, पण त्याचा एक फटका हात उखडून काढू शकतो आणि त्याच्यापर्यंत पोहोचणं हेच मुळात संकट असतं. ड्रॅगनबेनमध्ये राक्षसाचा हल्ला लागला की नाही यासाठी फासा टाकतच नाहीत. हल्ला लागतोच, फासा टाकायचा तो कोणता हल्ला यासाठी.

तिसरी पायरी: पान वाचून अर्धं पान लिहिणं

आता निवडलेल्या जातीचा मजकूर वाचा, स्टॅट ब्लॉक झाकून. वहीत तीन रकाने आखा: दिसेल, विचारता येईल, हाती लागेल. वाचलेली प्रत्येक गोष्ट यांतल्या एका तरी रकान्यात बसली पाहिजे. "हे ड्रॅगन गर्विष्ठ असतात" हे कुठेच बसत नाही, सोडून द्या. "शत्रूंची प्रेतं बर्फात गोठवून मांडून ठेवतात" हे तिन्हींत बसतं.

हे वाक्य पांढऱ्या ड्रॅगनचं. ही जात सहसा कुणी निवडत नाही, कारण ती बुद्धीने सगळ्यांत मंद. प्रौढ पांढऱ्या ड्रॅगनची बुद्धी 8, म्हणजे सामान्य माणसाहून कमी. पण त्याच पानावर लिहिलंय, की त्यांची स्मरणशक्ती जबर असते आणि झालेला अपमान, पत्करलेली हार ते विसरत नाहीत. डोकं कमी आणि आठवण पक्की, या जोडीतून काय निघतं ते बघू.

आपल्या मादीचं नाव यस्विरा. वय तीनशेच्या घरात. पाचव्या आवृत्तीत 101 ते 800 वर्षांचा ड्रॅगन प्रौढ धरतात. ती दोन खोऱ्यांमधली एकमेव खिंड अडवून बसली आहे. साठ वर्षांपूर्वी एका तांड्याच्या रखवालदारांनी तिचं एक शिंग मोडलं. त्यांच्या ढालींवर लाल पार्श्वभूमीवर पांढरा ससाणा होता. तिला ती माणसं म्हातारी झाली, मेली, हे कळत नाही. तिच्या लेखी ससाणा म्हणजे तेच लोक. तो जिथे दिसेल तिथे ती तुटून पडते, आणि बाकीच्यांकडे भूक लागली तरच बघते.

आता रकाने भरतात. दिसेल: खिंडीच्या पायथ्याशी थांबलेले व्यापारी गाड्यांवरची निशाणं उतरवून गोणपाटात गुंडाळताहेत. विचारता येईल: ती का उतरवताय? व्यापारी म्हणतात, तिला लाल रंग खपत नाही. हे अर्धं खरं. हाती लागेल: तिच्या गुहेतल्या बर्फाच्या भिंतीत उभा गोठलेला रखवालदारांचा नायक, हातात अजून ती ढाल, आणि कमरेच्या पिशवीत दोन खोऱ्यांमधल्या कराराची मूळ प्रत, जी हरवल्यामुळे दोन पिढ्या भांडण चालू आहे.

अर्ध्या पानात एवढंच. स्वभाव वेगळा लिहावा लागला नाही. वंशावळ, जन्मकथा, तिच्या आईचं नाव यांची गरज पडली नाही. पडेल तेव्हा टेबलावर सुचेल.

चौथी पायरी: ती येण्याआधी तिच्या खुणा येऊ देत

ड्रॅगन पहिल्यांदा दिसतो तेव्हा खेळाडूंना त्याच्याबद्दल निदान तीन गोष्टी ठाऊक असाव्यात आणि त्यांतली एक चुकीची असावी. चुकीची म्हणजे खोटी नव्हे. लोकांनी प्रामाणिकपणे लावलेला चुकीचा अर्थ. लाल रंगाचंच घ्या. पार्टीतल्या कुणीतरी लाल झगा काढून ठेवेल आणि ढालीवरचा पांढरा ससाणा तसाच राहील. किंवा उलट, कुणीतरी लाल कापड आमिष म्हणून टांगेल आणि यस्विरा ढुंकूनही बघणार नाही. दोन्ही प्रसंगांतून खरं काय ते शोधायची वाट उघडते.

परिसरावर होणारे परिणाम 2014 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये दिलेले आहेत: पांढऱ्या ड्रॅगनच्या घराभोवती 6 मैलांत गार धुकं आणि गोठवणारा पाऊस. हे वर्णन म्हणून वाचून दाखवू नका, अडचण म्हणून वापरा. धुक्यात धनुर्धाऱ्याला किती लांबचं दिसतं? रात्री चूल पेटते का? खेचरं पुढे जायला तयार होतात का? आणि ती विसावलेली असताना हिमवादळं सुटतात, हा बारकावा फार मोलाचा आहे. म्हणजे आभाळ अचानक मोकळं झालं, की ती उठली. हा नियम खेळाडूंना एखाद्या म्हाताऱ्या मेंढपाळाकडून आधीच कळू द्या. मग ज्या दिवशी तुम्ही "ढग निवळले, ऊन पडलं" म्हणाल, त्या दिवशी टेबलावरचे चेहरे बघा.

पाचवी पायरी: बोलणं

इथे थोडक्यात उरकतो, कारण नियम एकच आहे: ड्रॅगनला पार्टीकडून काहीतरी हवं असलं पाहिजे. त्याला काहीच नको असेल तर तो बोलेल कशाला? लाल किंवा निळ्या ड्रॅगनच्या बाबतीत हे सोपं जातं, त्यांना स्तुती हवी असते, खंडणी हवी असते, हेर हवे असतात. यस्विराला ससाणा हवा आहे. तिला तो कुठे आहे हे सांगणारा माणूस ती खाणार नाही, निदान सांगून होईपर्यंत. आणि समजा पार्टीने तिला पटवलं, की ती माणसं कधीच मेली? मंदबुद्धी असली तरी तिच्याकडे पुरावा आहे, भिंतीत. तिने साठ वर्षांत त्या नायकाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलेलं नसेल. माझ्या मते हा लढाईपेक्षा मोठा प्रसंग ठरू शकतो, पण तो खेळाडूंनी शोधून काढायचा. तुम्ही तिकडे ढकलू नका.

सहावी पायरी: खजिना

खजिन्याच्या तक्त्यावर फासे टाकून नाण्यांची संख्या मिळते, खजिना मिळत नाही. माझी पद्धत अशी: तक्त्यातून एकूण किंमत घ्या आणि ती चार-पाच वस्तूंमध्ये वाटा. त्यांतली एक पहिल्या पायरीतल्या प्रश्नाशी जोडलेली हवी (इथे करार), एक हलवायला अवघड हवी, एकीचा मालक जिवंत हवा. फिझबानच्या पुस्तकात ड्रॅगनच्या खजिन्यात पडून राहिल्याने वस्तूंना हळूहळू जादू चढते ही कल्पना आहे. ती जरूर घ्या, एखाद्या साध्या ढालीला लावा.

पांढऱ्या ड्रॅगनचा ऐवज बर्फात असतो. म्हणजे फोडायला वेळ लागतो, आवाज होतो, आग वापरली तर पाणी होऊन दुसरीकडे गोठतं. चोरी करायची की लढायचं हा निर्णय इथे आपोआप उभा राहतो.

सातवी पायरी: आता आकडे

2014 च्या नियमांत प्रौढ पांढरा ड्रॅगन असा: आर्मर क्लास (फटका लागू न देण्याचा आकडा) 18, हिट पॉइंट 200, चॅलेंज रेटिंग (धोक्याची पातळी) 13, उडण्याचा वेग 80 फूट, बर्फातून बिळं पोखरण्याचा 30 फूट. श्वास 60 फुटी शंकूच्या आकारात, 12 आठबाजू फाशांचं नुकसान, सरासरी 54, वाचण्यासाठी कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह 19, म्हणजे वीसबाजू फासा आणि पात्राची भर मिळून 19 गाठायचे.

याचा टेबलावर अर्थ काय, ते एकदा कागदावर काढा. आठव्या पातळीचा जादूगार, कॉन्स्टिट्यूशन 14, सरासरीने 50 हिट पॉइंट. सेव्हला त्याला 17 किंवा अधिक पडायला हवेत, म्हणजे पाचातून एकदा. पहिल्याच श्वासात तो पडतो. त्याच पातळीचा योद्धा, कॉन्स्टिट्यूशन 16, साधारण 76 हिट पॉइंट, सेव्हची शक्यता 40 टक्के. तो एक श्वास सोसतो, दुसरा नाही. श्वास परत यायला सहाबाजू फाशावर 5 किंवा 6 हवेत, दर राउंडला एक-तृतीयांश शक्यता. सलग तीन राउंड न येण्याची शक्यता जेमतेम 30 टक्के. तेव्हा आठव्या पातळीच्या चौघांनी उघड्यावर तिच्याशी भिडणं म्हणजे आत्महत्या, आणि हे त्यांना आधी कळलेलं असावं. चौथ्या पायरीतल्या खुणा त्यासाठीच होत्या.

उलट बाजूही बघा. तेच चौघे तिच्या गुहेत तिला जमिनीवर गाठू शकले, तर त्यांचे चार टर्न (पाळ्या) आणि तिचा एक. लेजंडरी अ‍ॅक्शन (इतरांच्या पाळीनंतर करायच्या जादा कृती) तीन मिळतात, त्या वाया घालवू नका. पंखांचा फटका दोन अ‍ॅक्शनचा असला तरी जवळचे आडवे होतात आणि ती अर्ध्या वेगाने उडून सुटते. तो बहुतेक वेळा शेपटीपेक्षा फायद्याचा. लेजंडरी रेझिस्टन्स (फसलेला सेव्ह यशस्वी ठरवण्याची मुभा) दिवसातून तीन. जादूगाराचा मंत्र तिने असा झटकला, की नुसतं "सेव्ह झाला" म्हणू नका. मानेवरची बर्फाची एक पाटी तडकून पडली असं दाखवा. म्हणजे मंत्र फुकट गेला नाही, तिच्याकडे मर्यादित ढाली आहेत आणि त्यांतली एक गेली, हे खेळाडूंना कळतं. 2025 मध्ये आलेल्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये जुन्या लेअर अ‍ॅक्शन (ड्रॅगनच्या घराकडूनच होणारे हल्ले) वेगळ्या ठेवलेल्या नाहीत. ड्रॅगन घरात असेल तर रेझिस्टन्स आणि लेजंडरी अ‍ॅक्शन एकेक वाढतात. चालवायला सोपं, पण छतावरून कोसळणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांची मजा गेली. मी जुन्यातलं ते उचलून नव्यात घालतो.

लढाईचं वेळापत्रक तीन ओळींत लिहून ठेवा. यस्विराचं असं: सुरुवात धुक्यातून श्वासाने, मग भिंतीत घुसून दुसऱ्या बाजूला. श्वास परत येईपर्यंत जमिनीवर उतरायचं नाही, पण ससाणा दिसला तर हे सगळं विसरून थेट त्याच्यावर झडप. 80 हिट पॉइंट उरले, की खालच्या विहिरीतून पळ. मधली ओळ खेळाडूंचा खड्डा आहे. ढाल कुठे ठेवायची हे त्यांनी ठरवलं, की ती कुठे उतरेल हेही त्यांनीच ठरवलेलं असतं.

पळण्याचा आकडा आधीच ठरवा आणि पाळा. शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत लढणारा ड्रॅगन तीनशे वर्षं जगलाच नसता. खेळाडू चिडतील, पाठलाग करतील. तो करू द्या, बर्फातलं बीळ अरुंद असतं आणि तिच्या शेपटीमागे एका वेळी एकालाच जाता येतं.

ती गेल्यानंतर

मेली, पळाली किंवा करार झाला, पुढच्या सेशनसाठी दोन गोष्टी लिहून ठेवा. पहिली, खिंड मोकळी झाल्यावर कोण आधी येतं: पलीकडच्या खोऱ्याचे जकातदार, तिच्या भीतीने दबलेले दुसरे राक्षस, की ससाण्याचं निशाण परत मिरवायला निघालेला त्या नायकाचा नातू? दुसरी, शरीर. खवले, दात, रक्त यांना गिऱ्हाईक असतंच, आणि खेळाडू पाचव्या मिनिटाला विचारतील, की चिलखत होईल का. होईल म्हणा, पण एकाचंच. कातडी सोलायला दोन दिवस लागतात आणि तेवढ्यात धुकं पूर्ण निवळलेलं असतं, खिंड दोन्ही बाजूंनी दिसते. पहिला तांडा कुठल्या बाजूने वर चढताना दिसतो यासाठी एक फासा टाका आणि सेशन तिथेच थांबवा.